पांढरीची यादी

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावला नागपूर–तुळजापूर महामार्गानं येणाऱ्याला आधी दुकानांची शटरं दिसतात, कृषी केंद्रांच्या पाट्या दिसतात, सळई आणि सिमेंट दिसतं. जुनं गावठाण आतल्या अंगाला असतं. फुलसावंगी, मुडाणा, पुसद, उमरखेड, दिग्रस, या सगळ्या पट्ट्यात हेच आहे: नवं गाव रस्त्याला लागून, जुनं गाव पांढरीवर. रस्ता सोडून आत वळलं की वाट अरुंद होते, एखाद्या भिंतीशी संपेल असं वाटतं आणि बोळीतून पुढं सुटते.

बीजिंगमध्ये अशा वाटांना हुतोंग म्हणतात. त्यांच्या दोन्ही अंगांना चौकाभोवती बांधलेली घरं असतात, ती सिहेयुआन. कुबलाईखानानं तेराव्या शतकात ती राजधानी वसवली तेव्हापासूनची ही आखणी. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि २००८ च्या ऑलिम्पिकच्या आधी त्यातल्या कितीतरी गल्ल्या पाडल्या गेल्या. ज्या उरल्या त्यांतून आता पाहुणे सायकलरिक्षानं फिरतात. शिजिया हुतोंगमध्ये २०१३ साली एक लहानसं संग्रहालय उघडलं. तिथं एका खोलीत जुन्या गल्लीचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत.

महागावच्या बोळींतून असं कोणी फिरत नाही. ज्याला फिरावंसं वाटेल त्याच्यासाठी ही यादी. फिरताना दारातूनच रामराम घालावा, 'काका', 'मावशी' म्हणून हाक द्यावी, आत बोलावलं तरच उंबरा ओलांडावा. बहुतेक घरी बोलावतात, चहा झाल्याशिवाय सोडत नाहीत. यादीतल्या काही वस्तू अजून जागेवर आहेत. काही जागेवर आहेत पण कामावर नाहीत. काही फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरल्या आहेत.

पांढरी. गावाची जमीन दोन रंगांची. काळीत पेरायचं, पांढरीवर राहायचं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली भिंत तडकल्याशिवाय राहत नाही. पांढरी तशी हलत नाही. ती उंचवट्यावर असते आणि तो उंचवटा माणसांनीच घडवलेला असतो: पडलेल्या भिंती, चुलींची राख, गोठ्यातला गाळ, फुटकी मडकी, आणि त्यावर पुन्हा घर. पवनी, अडम, कौंडिण्यपूर इथल्या अशाच टेकाडांनी विदर्भाचा दोन हजार वर्षांहून जुना इतिहास हाती दिला. बाकीची असंख्य टेकाडं कोणी न तपासताच संपली, कारण ही माती शेतात खत म्हणूनही चालते आणि घरावर छत म्हणूनही. बैलगाड्या भरभरून ती नेली गेली. आता जेसीबी लागतो आणि एका दिवसात टेकाड सपाट होतं. आधी ही जाते आहे. घरं तिच्यानंतर.

धाबं. मातीचं सपाट छत. मराठवाड्यात याला माळवद म्हणतात. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर चिरलेल्या लाकडाची किलच, किलचेवर पळसाचा पाला, पाल्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी, पाणी शिंपडून बडवून बसवलेली. पाणी वाहून जायला किंचित उतार आणि भिंतीबाहेर काढलेला पन्हाळ. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो; अशा दुपारी धाब्याखालच्या खोलीत शिरलं की अंगावरचं ऊन उतरल्यासारखं होतं.

पण धाबं राबवून घेतं. दरवर्षी मृगाच्या आधी त्याला हात लावावाच लागतो. उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, नव्या पांढरीचा थर द्यायचा, बडवायचा. एक वर्ष चुकलं तर ओल येते. दोन-तीन वर्षं चुकली तर किलच कुजते आणि एक दिवस कोपरा खाली येतो. पहिल्या मोठ्या पावसात घरातलं कोणीतरी पोतं डोक्यावर घेऊन वर चढायचं आणि गळकी जागा पायानं दाबायचं. हे काम येणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत, आणि त्यांना वर चढवत नाही.

शेजारची धाबी एकमेकांना चिकटलेली असत. बायका रस्त्यावर न उतरता या घरून त्या घरी जात. त्यांची स्वतःची अशी ती वाट होती, खाली ओट्यावर बसलेल्या पुरुषांच्या नजरेच्या वरून जाणारी. कुरड्या, पापड, खारोड्या, सांडगे वरच वाळत. वाळवणाला राखण बसलेल्या पोरी धाब्यांवरूनच एकमेकींशी बोलत. उन्हाळ्यात रात्रीची अंथरुणंही वरच. स्लॅबवर माणसं अजून झोपतात, पण स्लॅब दिवसभराचं ऊन मध्यरात्रीपर्यंत परत देत राहतो. शिवाय नव्या घरांच्या गच्च्यांना कठडे आहेत आणि दोन घरांमध्ये फट सोडलेली आहे. ती वाट बंद झाली. मला या यादीत तिचं नसणं सगळ्यात जास्त लागतं.

कवेलू. कुंभारानं चाकावर नळी काढून मधोमध दुभंगलेले. वानरांची टोळी एकदा घरावरून गेली की निम्मे फुटायचे. दर उन्हाळ्यात घर शाकारावं लागे. आता पत्रे. पावसात पत्र्याखाली माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नाही.

दिंडी. मोठ्या दरवाजाच्या एका फळीतला लहान दरवाजा. मोठा दरवाजा बैलगाडी, वरात आणि तिरडी यांच्यासाठी. एरवी सगळ्यांनी वाकून दिंडीतून यायचं. आतून अडसर: भिंतीतल्या खाचेतून ओढून दुसऱ्या बाजूच्या खाचेत सरकवायचं जाड लाकूड. चोर-दरोडेखोरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या काळात वऱ्हाडातल्या घरांना हे लागतच होतं. त्या भीतीनं नुसती घरंच नव्हे, गावंही दारं लावून घेत. कारंज्याच्या दिल्ली वेस, दारव्हा वेस ही त्याच काळाची आठवण. अडसराच्या खाचा अजून दिसतात. लाकूड बहुतेक ठिकाणी चुलीत गेलं.

देवडी. दिंडीतून शिरलं की लगेच चौक दिसत नाही. दोन्ही बाजूंना बसायच्या जागा असलेली अंधारी देवडी लागते, मग वळण, मग उजेड. सिहेयुआनमध्ये हेच काम दारासमोर उभी केलेली आडवी भिंत करते. तिथं दार आग्नेय कोपऱ्याला आणि समोर ती भिंत, त्यामुळे दार सताड उघडं असलं तरी रस्त्यावरच्या माणसाला घर दिसत नाही. दोन देशांतल्या गवंड्यांनी एकमेकांना न पाहता एकच अडचण सोडवली: घर उघडं ठेवायचं आणि झाकायचंही. नव्या घरांना लोखंडी फाटक असतं आणि त्याच्या गजांतून थेट स्वयंपाकघरातला फ्रीज दिसतो. म्हणून मग पडदे लागतात, आणि पडद्यांमागे दिवसा दिवे.

ओटा. रस्त्याकडचा, दगडी. ओटा घराचा, पण बसणारा गावाचा. इथं शेतसाऱ्याची, लग्नाची, कापसाच्या भावाची बोलणी होत. पाटलाच्या घरचा ओटा तर कचेरीच होता. वंशपरंपरेची पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून कायद्यानं संपली, त्यानंतरही काही वर्षं लोक सवयीनं तिथंच येत राहिले.

ओट्याबद्दल लिहिताना दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. कोण ओट्यावर बसेल, कोण पायरीशी थांबेल आणि कोणाला त्या बोळीतून जाताना पायातली वहाण हातात घ्यावी लागेल, हे जन्मावरून ठरलेलं होतं. वस्तीच गावाबाहेर ठेवली होती. तिथल्या बायांना पाण्यासाठी दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागे. ज्यांच्या आजोबांनी ती पायरी सोसली त्यांना वाड्यांच्या पडझडीचं दुःख व्हावं अशी अपेक्षा कोणी करू नये. मी ही यादी करतो ती घर कसं उभं होतं हे लिहून ठेवण्यासाठी. ते कोणाला आत घेत नव्हतं, हेही त्या 'कसं'मध्येच येतं.

ओटे पाडले गेले नाहीत, बुडाले. बोळीत सिमेंटचा रस्ता झाला. काही वर्षांनी जुना न उकरता त्यावरच नवा झाला. दर वेळी रस्ता वीतभर वर. एके काळी तीन पायऱ्या चढून जायचं घर रस्त्याच्या पातळीवर आलं, मग त्याच्या खाली. आता पावसाचं पाणी बोळीतून घरात येतं. मातीच्या भिंतीचा पाया ओला राहिला की ती वरून कितीही धड दिसली तरी खालून विरघळते. कितीतरी घरं याच कारणानं पडली आणि कागदावर मात्र 'अतिवृष्टी' लिहिलं गेलं. जुना थर काढून मग नवा रस्ता करणं एवढंच हवं होतं.

छपरी, आणि तिच्यात टांगलेली बंगई. सागाची जाड फळी, कड्यांना चार साखळ्या. म्हाताऱ्यांचं झोपणं, पोरांचं खेळणं, जावयाचं बसणं तिच्यावर. बंगया टिकल्या आहेत. स्लॅबला हूक ठेवून नव्या घरांतही टांगतात. या यादीतली ही एकच वस्तू मला सुखरूप दिसते.

चौक. चहूबाजूंनी खोल्या, मध्ये आकाश. बीजिंगच्या चौकात डाळिंबाचं झाड आणि माशांचं मडकं असे. आमच्याकडे तुळशी वृंदावन, कढीलिंब, कोपऱ्यात पाटा. पावसाचं पाणी चारी बाजूंनी चौकात उतरतं आणि दगडी मोरीतून बोळीत जातं. घराचा उजेड, वारा, धूर, सगळ्याची ये-जा इथूनच. बाहेरच्या भिंतींना खिडक्या नसतात किंवा हातभर असतात. घर आतल्या बाजूला उघडतं.

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी संध्याकाळी एका चौकातून दुसऱ्या चौकात जात. भिंतीतल्या कोनाड्यात मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर गणोबा. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर. भुलाबाई अजून मांडतात, पण मांडायला कोनाडा नसतो, म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर. धांडे आणायला दोन गावं पालथी घालावी लागतात.

प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल २०१६ पासून मिळतं. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, सपाट मुलखात मदत सुरुवातीला १ लाख २० हजार रुपये होती. ज्या बाईनं तीस पावसाळे गळक्या धाब्याखाली भांडी मांडून काढले तिला या घराचं मोल विचारावं. ते फार मोठं आहे आणि त्यावर मी बोट ठेवणार नाही. फक्त एवढं की २५ चौरस मीटरमध्ये चौक बसत नाही, आणि घरकुल बहुधा जुन्या घराच्याच जागेवर उभं राहतं. चौकासकट आखलेलं मातीचं सुधारलेलं घर सरकारी नमुन्यात असतं तर काहींनी ते नक्की निवडलं असतं. माती कच्ची आणि सिमेंट पक्कं, एवढीच वाटणी कागदाला कळते.

माजघर. अंधारं, गार, चुलीच्या धुरानं काळं झालेलं. धान्य, दागिने, बाळंतीण, सगळं इथं. जुन्या घरांची छायाचित्रं काढणारे चौकात थांबतात. बायकांचं आयुष्य माजघरात गेलं. भिंतीत वर ठेवलेल्या तावदानाएवढ्या झरोक्यातून येणारा उजेड दुपारी एका ठिकाणी पडे, तिथं बसून निवडणं, टिपणं, शिवणं. ज्या सुनांनी हे सोसलं त्यांनी पहिली संधी मिळताच भिंत फोडून खिडकी काढली. त्यांनी योग्य केलं.

कोनाडे, दिवळ्या, खुंट्या, फळ्या. भिंतच कपाट होती.

घिनोची (पाण्याची भांडी ठेवायची जागा), रांजण, डेरा. नळ आल्यावर गेले.

जातं, उखळ. जातं आता फक्त लग्नात, हळदीला. एरवी ओट्याला टेकवून ठेवलेलं, पायरी म्हणून.

सारवण आणि पोतारा. जमिनीला शेण, भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा. दिवाळीच्या आधी घरातल्या सगळ्या बायकांचे हात कोपरापर्यंत पांढरे. मातीच्या भिंतीला श्वास असतो, ती ओल घेते आणि सोडते. पोतारा तिला तसं करू देतो. ऑइल पेंट देत नाही. जुन्या भिंतीवर तेलाचा रंग दिला की ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. मग घरमालक म्हणतो, मातीची भिंतच वाईट.

बळद. दोन भिंतींमधली पोकळी, वरून ज्वारी ओतायची आणि खालच्या तोंडातून हवी तेवढी काढायची. बाहेरून पाहिलं तर नुसती जाड भिंत.

ज्वारी. घराच्या यादीत पिकाचं नाव येतं, कारण माझं म्हणणं इथंच आहे. दाणे बळदात आणि पेवात. कडबा बैलांना. बैलांचं शेण सारवणाला आणि गोवऱ्यांना. धांडे कुडाला, धसकटं चुलीला. तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या आडोशाला आणि सरपणाला, गव्हाचा गव्हांडा भिंतीच्या चिखलात, म्हणजे भिंत वाळताना फाटत नाही. घर शेतातून उगवत होतं. बाजारातून यायचे ते खिळे, कडीकोयंडे आणि मीठ. लोहार-सुतारालाही वर्षाच्या बलुत्यात ज्वारीच मिळे, आणि त्या बलुत्यात दाराचं बिजागर दुरुस्त होई.

१९९० नंतर या पट्ट्यात सोयाबीन पसरलं. तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा, मागं रब्बीला रान मोकळं. ज्वारीला भाव नव्हता, पाखरं होती, रानडुकरं होती, आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, उरलेलं रान कपाशीनं घेतलं. सोयाबीनचं कुटार जनावर खातं, एवढंच. त्यापुढं ते पीक घराला काही देत नाही. कडबा गेला, तेव्हा बैल पोसणं अवघड झालं. बैल गेले, तेव्हा ट्रॅक्टर आला आणि शेण संपलं. शेण संपलं, तेव्हा सारवण संपलं आणि फरशी आली. फरशी आल्यावर जुन्या भिंतीला खालून ओल धरू लागली. मग भिंतही.

वाड्यांच्या ऱ्हासाचं कारण विचारलं की लोक १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा सांगतात, कूळकायदा सांगतात, पोरं पुण्याला गेल्याचं सांगतात. यातलं काही खोटं नाही. पण ज्यांच्याकडे कमाल मर्यादेला लागण्याइतकी जमीन कधीच नव्हती, पाच एकरवाले, तीन एकरवाले, त्यांची दोन खणांची मातीची घरंही त्याच वीस-तीस वर्षांत गेली. त्यांना कोणत्या कायद्यानं पाडलं? त्यांची ज्वारी गेली.

कापूस. माजघरात, छपरीत, छतापर्यंत भरलेला. भाव वाढेल या आशेनं ठेवलेला, त्यात लोळणाऱ्या पोरांच्या अंगाला खाज सुटते. १९७२ पासून एकाधिकार खरेदीची योजना आली तेव्हा लोक संकलन केंद्रावर गाड्यांच्या रांगा लावून उभे राहत. आता व्यापारी खेडा खरेदीला दारात येतो किंवा जिनिंगला न्यावा लागतो. पण विकेपर्यंत तो घरातच राहतो. जुन्या घराचं हे एक काम नव्या घरांनीही चालू ठेवलं आहे. हॉलमधल्या सोफ्याच्या मागं कापूस दिसला तर नवल करू नये.

किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवकडे भूकंपात जी हजारो माणसं मेली ती बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छतं अंगावर पडून मेली. पैनगंगेच्या पलीकडचा नांदेड जिल्हा लातूरला लागून. सोयरीकही त्या बाजूला. लोक जाऊन पाहून आले. त्यानंतर धाब्याखाली झोपताना माणसांना वर पाहावंसं वाटेना. जिथं भूकंपाचा धक्काही नीट जाणवला नव्हता तिथलीही धाबी उतरली. बीजिंगच्या चौकांनाही भूकंपानंच ग्रासलं. १९७६ साली तांगशानला भूकंप झाला, लोकांनी घाबरून चौकांत तात्पुरत्या झोपड्या उभ्या केल्या, आणि एकेका चौकात आधीच बरीच कुटुंबं दाटलेली असल्यानं त्या झोपड्या पुढं स्वयंपाकघरं आणि खोल्या होऊन बसल्या. चौक भरला. आमच्याकडे छत उतरलं, तिकडे आकाश झाकलं गेलं.

वाटणी. चौकातून गेलेली विटांची भिंत. तुळस एका भावाकडे, विहीर दुसऱ्याकडे. सामाईक भिंतीची दुरुस्ती कोणीच करत नाही, कारण ती केली तर हक्क सांगितल्यासारखं होतं. सात-बाऱ्यावर नसलेल्या, गावठाणातल्या अशा घरांचे कागद आजोबांच्या नावानं राहिलेले असतात. पडकं घर विकताही येत नाही आणि बांधताही येत नाही. गावठाणात फिरताना कुलूप लावलेली, चौकात रुईची झाडं वाढलेली घरं दिसतात, ती बहुतेक अशी.

तांडा, पोड. वाडा हे या तालुक्यातलं एकमेव घर नव्हतं. बंजाऱ्यांचे तांडे गावापासून दूर, कोलामांची पोडं जंगलाच्या कडेला. त्यांची घरं कुडाची, वाळलेल्या गवताची, आणि त्यांच्या वस्तूंची यादी वेगळी आहे. ती त्यांच्यातल्याच कोणी करावी. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि गहुली हे बंजाऱ्यांचं गाव. सत्तेला वाड्यात जन्म लागत नाही हे या पट्ट्यानं तेव्हाच पाहिलं. त्यानंतर ज्याच्याकडे पैसा आला त्यानं बंगला बांधला.

भिंत. हातभर रुंद, खाली काळा दगड, वर चिखलाचे थर किंवा कच्च्या विटा. थर घातला की वाळू द्यायचा, मग पुढचा. घाई केली तर भिंत पोट काढते. २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, आनंदनगर तांड्यात पाण्यानं माणसं अडकली. अशा पावसाचा अंदाज धरून ही भिंत कोणी बांधली नव्हती. तिला महिनाभर रिमझिम चालते, एका रात्रीचा पूर चालत नाही. चिखल तुडवणारे, थर घालणारे हात आता स्लॅबच्या कामावर जातात, तिथं मजुरी रोख मिळते.

सागवान. यवतमाळच्या जंगलातला साग, एकेक खांब दोन पुरुष उंच, खाली दगडी तळखडा, वर कोरलेला हस्त. या घरांतली एवढीच वस्तू बाजारात चालते. वाडा पाडायचा ठरला की लाकूड घेणारा आधी येतो, भिंतींना हात न लावता खांब, तुळया आणि चौकट यांचा हिशेब सांगतो. पाडण्याचा खर्च त्यातूनच निघतो, कधी वर चार पैसेही उरतात. शहरातल्या हॉटेलांत, फार्महाऊसवर, जुन्या वस्तूंच्या दुकानांत ही दारं उभी असतात, पॉलिश केलेली, मागं भिंत नसलेली. घेणाऱ्यानं निदान दार कोणत्या गावचं हे विचारून मागच्या बाजूला लिहावं.

पेव. जमिनीतलं कोठार. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, आत रुंद पोट. काळीत ओल असते म्हणून पेव पांढरीत किंवा मुरमात खणत. आतून कडबा आणि भुसा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड, दगडावर माती. आत हवा खेळत नाही म्हणून किडा जगत नाही. ज्वारी वर्षानुवर्षं राहते, थोडी आंबूस होते. दुष्काळात ही पेवंच उघडली जात. उघडताना तोंड मोकळं ठेवून वाट पाहायची, मग दोरीनं दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. ज्यांनी घाई केली ते वर आले नाहीत, अशा गोष्टी गावोगाव सांगतात.

पेवं आता रिकामी आहेत, पण नीट बुजवलेली फार थोडी. वर अंगण झालं, फरशी झाली, वाटणीनंतर दुसऱ्याची खोली झाली. तोंड कुठं होतं ते घरातल्या एखाद्या आजीलाच ठाऊक असतं. त्यावरून भरलेला ट्रॅक्टर गेला किंवा नव्या घराचा खांब नेमका तिथं आला तर जमीन खचते. ज्यांच्याकडे पेव होतं त्यांनी जागा विचारून, तुळशीपासून किंवा दारापासून पावलं मोजून, घराच्या कागदांत लिहून ठेवावी, आणि नवं बांधकाम काढणाऱ्या मिस्त्रीला पाया आखण्याआधी दाखवावी.